चाळीस शब्दांचा कागद

आमच्या धर्मग्रामाच्या जुन्या शाळागृहात २०१८ सालापासून आठवड्यातून दोन संध्याकाळी प्राथमिक स्पॅनिश भाषेचा वर्ग भरतो आणि तो मी चालवितो. बेळगावासारख्या गावी मराठी, कानडी, कोकणी, उर्दू व इंग्रजी या पाच भाषा एकाच बाजारात कानी पडतात. तेथे या सहाव्या भाषेची भर कशासाठी, असे मला अनेकांनी विचारले आहे. उत्तर साधे आहे. उच्च शिक्षणासाठी मी तीन वर्षे स्पेनमधील पाम्प्लोना येथे होतो. तेथे पदरी पडलेली भाषा गंजून जाऊ नये, एवढाच माझा मूळ हेतू होता. पुढे शिकणारे येत गेले आणि त्यांच्या हेतूंनी माझा हेतू मागे सारला. कोणास हैदराबादेच्या वा पुण्याच्या एखाद्या कंपनीत स्पॅनिश ग्राहकांचा पत्रव्यवहार सांभाळण्याची नोकरी हवी असते. दोन धर्मभगिनी दक्षिण अमेरिकेतील मिशनकार्यास निघावयाच्या होत्या. रेल्वेतून निवृत्त झालेले एक अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ पहिल्या बाकावर बसतात. ते का येतात ते पुढे सांगेन.

वर्गात आज चोवीस जण आहेत. अशा वर्गाचा निम्मा भाग आता मोबाइलवर चालतो, हे ऐकून आमच्या काही वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठ्या पडतात. मी स्वतः त्या पक्षाचा नाही. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा शाळागृहास कुलूप लागले आणि वर्ग एका रात्रीत मोबाइलच्या पडद्यावर गेला. निरुपायाने उचललेली ही साधने कुलूप निघाल्यावरही मी टाकून दिली नाहीत, कारण त्यांतील काही खरोखरच उपयोगी होती.

त्यांचा उपयोग नेमका कोठे, हे सांगितले पाहिजे. नव्या भाषेचे पहिले पाचशे-सहाशे शब्द पाठ करण्यावाचून गत्यंतर नसते. शब्द विसरावयाच्या बेतात असतानाच पुन्हा समोर यावा, म्हणजे तो पक्का बसतो. हे तत्त्व नवे नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडिताने विस्मरणावरील आपले प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केले, आणि सेबास्टियन लाइट्नर याने १९७२ च्या आपल्या पुस्तकात त्यासाठी कागदी पत्त्यांची कप्पेदार पेटी सुचविली. येणारा शब्द मागच्या कप्प्यात जातो व उशिरा भेटतो. न येणारा पुढेच राहतो व रोज भेटतो. आजची ऑनलाइन शब्दपत्रे हीच पेटी खिशात घालून देतात. चोवीस जणांच्या चोवीस पेट्या सांभाळणे मला कदापि जमले नसते.

दुसरा लाभ लाजाळू मुलांचा. वर्गात तोंड न उघडणारा एक मुलगा होता. त्यास मी मोबाइलवर आवाज नोंदवून पाठवावयास सांगितले. 'पेरो' या शब्दात 'र' एकेरी असेल तर अर्थ 'परंतु' असा होतो, आणि 'र' घोळवून दुहेरी उच्चारला तर 'कुत्रा'. त्याने तो शब्द अकरा वेळा नोंदविला व बारावा मला पाठविला. बारावा उत्तम होता. भर वर्गात चोवीस जणांसमोर अकरा वेळा चुकण्याचे धैर्य त्यालाच काय, मलाही झाले नसते.

एवढे श्रेय दिल्यावर आता दुसरी बाजू. ही साधने उत्तर तपासतात आणि क्षणात गुण देतात. वाक्यातील रिकामी जागा भरावयाची असेल, चार पर्यायांतून एक निवडावयाचा असेल, तर यात काही बिघडत नाही. परंतु विद्यार्थ्याने स्वतःचे असे एक वाक्य लिहिले की सारा प्रकार बदलतो. मी सुरुवातीस एक प्रश्नावली तयार केली. 'आपण कोठे राहता?' या प्रश्नाचे उत्तर 'बीबो एन बेळगाव', म्हणजे 'बेळगावात राहतो', असे मी उत्तरसूचीत घातले होते. एका मुलीने 'यो बीबो एन बेळगाव' असे लिहिले, म्हणजे 'मी' हा शब्द अधिक घातला. वाक्य निर्दोष आहे. यंत्राने शून्य दिले.

याच्या उलट प्रकार अधिक गमतीचा आहे. दिवसभराच्या कामाविषयी दोन वाक्ये लिहावयास सांगितली असता एका विद्यार्थ्याने लिहिले, 'एल पाद्रे एस आबुरिदो'. व्याकरण तपासणाऱ्या साधनाने त्यावर हिरवी खूण केली, कारण वाक्यात व्याकरणाचा एकही दोष नव्हता. त्यास म्हणावयाचे होते, 'फादर कंटाळले आहेत'. लिहिले गेले, 'फादर कंटाळवाणे आहेत'. स्पॅनिशमध्ये 'असणे' या अर्थाची दोन क्रियापदे आहेत. माणसाचा स्वभाव, जात, मूळ सांगावयाचे असेल तर एक. त्याची तात्पुरती अवस्था किंवा तो कोठे आहे हे सांगावयाचे असेल तर दुसरे. 'एस आबुरिदो' म्हणजे कंटाळवाणा, 'एस्ता आबुरिदो' म्हणजे कंटाळलेला. मराठीत आपण हा भेद विशेषणावर टाकतो व क्रियापद एकच ठेवतो. स्पॅनिश माणूस विशेषण तेच ठेवून क्रियापद बदलतो. माझी रविवारची प्रवचने ऐकणाऱ्यांपैकी काही जणांस मूळ वाक्यच बरोबर वाटले असते, हे मी नाकारीत नाही. परंतु लिहिणाऱ्याचा तो अभिप्राय नव्हता, आणि हे कळावयास त्या संध्याकाळी मी किती जांभया दिल्या ते पाहिलेला वाचक हवा होता.

वाचकहो, हे ध्यानात आल्यापासून मी विद्यार्थ्यांचे लिखाण वेगळ्या नजरेने वाचू लागलो. त्या चुकांखाली मला मराठी दिसू लागली. 'मला दोन भाऊ आहेत' हे आमचा विद्यार्थी 'मे सोन दोस एर्मानोस' असे लिहितो. त्यात मराठीचा प्रत्येक शब्द इमानाने स्पॅनिशमध्ये उतरविलेला आहे. स्पॅनिश माणूस मात्र भाऊ बाळगतो: 'तेंगो दोस एर्मानोस', मजजवळ दोन भाऊ. तो भूक बाळगतो, तहान बाळगतो, वयाची वर्षेही बाळगतो. 'मी वीस वर्षांचा आहे' याऐवजी तो म्हणतो, मजजवळ वीस वर्षे आहेत. जाता जाता सांगतो, 'वर्षे' या अर्थाच्या 'आन्योस' या शब्दातील 'न'वर एक लहानशी नागमोडी रेघ असते. ती विसरली तर जो शब्द उरतो त्याचा अर्थ या साप्ताहिकात छापण्याजोगा नाही. म्हणून माझ्या वर्गाचा पहिला ऑनलाइन पाठ कोणता, तर मोबाइलवर 'न'ची कळ दाबून धरली असता ते अक्षर कसे वर येते, हा.

जी गोष्ट इंग्रजीतून शिकणाऱ्यांस महिनोन्महिने छळते ती आपणांस जन्मतःच येत असते, हेही मला या कागदांनी शिकविले. 'मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात' या वाक्यांत क्रियापद आंब्याप्रमाणे बदलते, माझ्याप्रमाणे नव्हे. स्पॅनिशमध्ये हुबेहूब तेच आहे: 'मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस'. कोकणीत 'म्हाका आंबो आवडटा', कानडीत 'ननगे माविनहण्णु इष्ट'. बेळगावच्या बाजारातील तीन भाषा या बाबतीत माद्रिदच्या बाजूच्या आहेत. तथापि माझ्या हाती आलेली बहुतेक ऑनलाइन साधने इंग्रजीच्या दारातून स्पॅनिशमध्ये नेतात. ती या वाक्यरचनेस मोठे संकट समजून तिच्यावर पाठामागून पाठ खर्च करतात, आणि आमची मुले साधी गोष्ट अवघड समजून उगाच भिऊ लागतात. मी तो भाग एका संध्याकाळी उरकतो. 'आपले मराठी वाक्य मोडू नका, फक्त शब्द बदला', एवढे सांगितले की काम होते. उलटपक्षी 'मे सोन दोस एर्मानोस' ही चूक त्या साधनांच्या यादीतच नसते, कारण इंग्रजी बोलणारा ती कधी करीत नाही.

लिंगाचेही तसेच. 'मी थकलो' आणि 'मी थकले' हा भेद मराठी मुलीस शिकवावा लागत नाही. परंतु ध्वनिफितीवरचा आवाज पुरुषाचा असेल, तर ती निमूटपणे 'एस्तोय कान्सादो' असे पुल्लिंगी वाक्य पाठ करते. वर्गातील चार मुली सहा आठवडे पुरुषासारख्या थकत होत्या, आणि प्रत्येक वेळी त्यांस पूर्ण गुण मिळत होते!

आता लेखनाच्या परीक्षेविषयी. युरोप परिषदेने २००१ साली भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्यांची एक चौकट प्रसिद्ध केली. तिची पहिली पायरी ए-१. या पायरीवरील माणसास लिहिता काय यावे? सुट्टीतून शुभेच्छा कळविणारे छोटेसे पोस्टकार्ड, आणि हॉटेलच्या नोंदणी-अर्जातील नाव, राष्ट्रीयत्व, पत्ता असा मजकूर. बस, इतकेच. स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने सर्व्हांतेस संस्था जी 'देले' परीक्षा घेते, तिच्या ए-१ च्या लेखनास २५ मिनिटे असतात. त्यांत एक अर्ज भरावयाचा आणि तीस ते चाळीस शब्दांचा एक मजकूर लिहावयाचा. वाचन व लेखन मिळून ५० गुण, ऐकणे व बोलणे मिळून ५० गुण, आणि दोन्हींकडे किमान ३० मिळाल्यावाचून उत्तीर्ण होता येत नाही. म्हणजे जो पडद्यावर नुसत्या खुणा करीत राहिला, त्याला चाळीस शब्दांचा हा कागद तारतो किंवा बुडवितो.

यास्तव दर शनिवारी माझा वर्ग चाळीस शब्द लिहितो. चोवीस जणांचे मिळून हजारही शब्द होत नाहीत. दीड तासाचे वाचन. ते मी रविवारी दुपारी करतो, कारण त्या वेळी सहसा कोणी मरत नाही व कोणी लग्नही ठरवीत नाही. पहिल्या वाचनात मी हाती पेन्सिल धरीत नाही. या माणसाने मला काय सांगितले, ते मला कळले की नाही, एवढेच पाहतो. दुसऱ्या वाचनात त्या महिन्यात शिकविलेल्या दोनच गोष्टींच्या चुकांखाली रेघ ओढतो. न शिकविलेल्या गोष्टींत तो चुकला तर तो त्याचा अपराध नव्हे. चूक सुधारून देत नाही. समासात क्रियापदासाठी 'क्रि', लिंगासाठी 'लिं', आघातचिन्हासाठी 'आ' एवढेच अक्षर टाकतो. विद्यार्थ्याने मंगळवारपर्यंत स्वतः दुरुस्ती करावयाची. गुण द्यावयाचे ते या दुसऱ्या कागदास. पहिल्या कागदास गुण देऊन पाहिले तेव्हा मुलांनी आकडा पाहून कागद मिटला व रेघांकडे ढुंकूनही पाहिले नाही.

आघातचिन्हांविषयी एक ओळ लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. 'एल पापा' म्हणजे पोप. 'ला पापा' म्हणजे दक्षिण अमेरिकेतला बटाटा. आणि शेवटच्या अक्षरावर आघाताची तिरकी रेघ दिली की 'एल पापा' म्हणजे बाबा. ८ मे २०२५ रोजी निवड होताच पोप लिओ चौदावे यांनी सज्जातून इटालियन भाषण मध्येच थांबवून पेरू देशातील आपल्या चिक्लायो धर्मप्रांतास स्पॅनिशमध्ये अभिवादन केले. त्या रात्री आमच्या व्हॉट्सअॅपच्या गटात आनंदाचा पूर आला. सहा जणांनी मला स्पॅनिशमधून कळविले की, नव्या पोपमहाशयांचे बोलणे आपणांस समजले. त्यांपैकी दोघांनी त्यांचा उल्लेख बटाटा असा केला होता.

आता या सर्वांहून कठीण गोष्टीकडे वळतो. गूगलच्या भाषांतर-यंत्राने २०१६ च्या अखेरीस नवी पद्धत स्वीकारली आणि त्याचे स्पॅनिश एकदम सुधारले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅट-जीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि 'माझे घर या विषयावर चाळीस शब्द' हा गृहपाठ कोणासही चार सेकंदांत मिळू लागला. २०२३ च्या पावसाळ्यात माझ्याकडे येणारे कागद अकस्मात निर्मळ झाले. त्यांत एका मुलीचा कागद होता. तिचे वडील नाहीत. आई शिवणकाम करते. हैदराबादेतील नोकरीसाठी ती रात्रंदिवस धडपडत होती. तिच्या कागदाचा भावार्थ असा होता: आमचे सदन साधे असले तरी स्नेहाने ओथंबलेले आहे, आणि माझ्या मातोश्री म्हणजे त्याचा अविचल आधारस्तंभ. भाषा पाम्प्लोनाच्या प्राध्यापकास शोभावी अशी. पाचव्या महिन्यातील विद्यार्थिनीने कधी न पाहिलेली क्रियापदाची रूपे त्यात होती.

असे लिखाण ओळखून देणारी यंत्रेही निघाली आहेत. ती मी वापरीत नाही. २०२३ सालीच स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशा काही यंत्रांस इंग्रजी ही परकी भाषा असलेल्या परीक्षार्थींनी स्वतः लिहिलेले ९१ निबंध दाखविले. सरासरीने निम्म्याहून अधिक निबंध यंत्राने लिहिलेले म्हणून दोषी ठरले. ज्याचे शब्द थोडे व वाक्ये सरळ, तो या यंत्रांस चोर वाटतो; आणि नवशिक्याचे शब्द थोडेच असणार. निरपराध मुलावर चोरीचा आळ घेण्यापेक्षा दहा नकला तपासलेल्या पुरवल्या, असे माझे मत आहे. ऑनलाइन दस्तऐवजात कोणता शब्द केव्हा टंकला गेला याचा इतिहास राहतो, आणि तो मला पाहता येतो. त्यात तिचा मजकूर एका क्षणात आकाशातून पडावा तसा अखंड उतरलेला होता. परंतु तो इतिहास मी तिच्यापुढे पुराव्यादाखल ठेवला नाही. ती चोर नव्हती, घाबरलेली होती. चुकलेला कागद मला दाखविण्याची तिला लाज वाटत होती, आणि ती लाज तिच्या शाळेने बारा वर्षे खपून तिला शिकविली होती.

पुढच्या शनिवारी मी सर्वांचे मोबाइल टेबलावर ठेवावयास लावले व कोरे कागद वाटले. 'तुमच्या घरात संध्याकाळी काय चालते ते लिहा.' वीस मिनिटांत तिने तीन ओळी लिहिल्या. 'मी कासा एस पेकेन्या. मी माद्रे एस त्राबाहा मुचो. एन ला नोचे एया एस कान्सादो.' माझे घर लहान आहे. माझी आई पुष्कळ काम करते आहे. रात्री ती थकलेला आहे. या तीन ओळींतून मला जे कळले ते त्या प्राध्यापकी परिच्छेदातून कळले नव्हते. 'एस त्राबाहा' म्हणजे मराठी 'करते आहे' त्यातील 'आहे' सोडावयास तयार नाही. 'एस कान्सादो' म्हणजे क्रियापद चुकले आणि लिंगही. मी समासात 'क्रि', 'क्रि', 'लिं' एवढेच लिहिले. मंगळवारी ती कागद घेऊन आली. लिंग तिने स्वतःच सुधारले होते. म्हणाली, "फादर, आई थकलेली असते, थकलेला कशी असेल?" मग क्रियापदाविषयी तिने विचारले, आणि थकणे हा स्वभाव की अवस्था, यावर आम्ही बराच वेळ बोललो. तिचे म्हणणे पडले की, तिच्या आईच्या बाबतीत तो स्वभावच झाला आहे. स्पॅनिश व्याकरण याला मान्यता देत नाही. तिने मुकाट्याने 'एस्ता कान्सादा' असे लिहिले. परंतु तिचा मुद्दा माझ्या मनातून गेलेला नाही.

पहिल्या कंपनीने तिला घेतले नाही. तेथे कॅमेऱ्यासमोर, कोणाचेही साहाय्य न घेता पत्र लिहावयाचे होते, आणि तिची तयारी तेव्हा पुरी झाली नव्हती. वर्षभराने दुसरीकडे काम मिळाले. आता ती सांगते की, तेथे पत्रांचा पहिला मसुदा यंत्रच करते. तो वाचून, कंपनीला जे म्हणावयाचे आहे तेच त्यात आले आहे की नाही, हे तिने पाहावयाचे असते.

"यंत्र लिहीत असताना मुलांकडून चाळीस शब्द कशाला घोटून घेता?" असे मला एका शिक्षकमित्राने विचारले होते. त्यास मी आपल्याच किनाऱ्यावरील एक जुनी गोष्ट सांगितली. संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले. त्यांची मातृभाषा बास्क. पुढे मोत्यांच्या किनाऱ्यावर गेल्यावर त्यांनी दोन्ही भाषा थोड्याबहुत जाणणारी माणसे जमवून मोठ्या कष्टाने प्रार्थनांचे तमिळ भाषांतर करविले व ते तोंडपाठ केले. स्वतःस न कळणाऱ्या भाषेत ते शिकवीत होते. आजच्या शब्दांत सांगावयाचे तर भाषांतर-यंत्रावर विसंबून. १५४४ साली आपले सहकारी मानसिल्हास यांस पाठविलेल्या एका पत्रात त्यांनी दुरुस्ती कळविली. श्रद्धेच्या प्रार्थनेत 'वेणुम' म्हणू नका, कारण त्याचा अर्थ 'मला हवे' असा होतो. 'मी श्रद्धा ठेवितो' या अर्थाचा दुसरा शब्द म्हणा. तोवर तेथील माणसे आपला विश्वास प्रकट करण्याऐवजी देव मागत होती. मित्र म्हणाला, "तेही काही वाईट नव्हते." त्यास उत्तर देणे मला कठीण गेले, हे खरे. परंतु हा फरक कोणीतरी ऐकला, थांबला, आणि एका शब्दासाठी पत्र लिहिले. आपल्या ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ साली येथे आले, ते आपल्या भाषेचे विद्यार्थी म्हणूनच. त्यांच्याही पहिल्या कागदांवर कोणा तरी सासष्टीकराने रेघा ओढल्या असतील, असे मला नेहमी वाटते. ते कागद राहिले असते तर मी ख्रिस्तपुराणाइतक्याच आवडीने वाचले असते.

असो. आता पहिल्या बाकावरच्या गृहस्थांविषयी. त्यांना सारा वर्ग आजोबा म्हणतो. त्यांचा मुलगा स्पेनमध्ये वालेन्सिया येथे स्थायिक झाला असून सून तेथलीच आहे. नात नऊ वर्षांची. तिला मराठी येत नाही, आजोबांस स्पॅनिश येत नव्हते. पडद्यावर एकमेकांकडे पाहून दोघे हसत, हात हलवीत, मग मुलगा मध्ये पडून दोन वाक्ये इकडची तिकडे करी. आजोबांनी आधी यंत्राकडून पत्रे लिहवून पाठविली. नातीने बापास विचारले की, आजोबा वकील आहेत का? तेव्हा ते माझ्याकडे आले.

शब्दपत्रांचा अभ्यास त्यांच्याइतका नेमाने कोणी करीत नाही; गाडीच्या वेळापत्रकावर आयुष्य गेलेले आहे. लिहिताना मात्र ते अडखळतात. गेल्या महिन्यात त्यांनी नातीला स्वहस्ते अडतीस शब्द लिहिले. घरामागे आंब्याचे झाड आहे, आजीला आंबे आवडतात, आजोबांना गुडघेदुखी आहे, तुझ्याजवळ किती वर्षे आहेत, असा मजकूर. पाठविण्यापूर्वी मला दाखविला नाही. चार दिवसांनी नातीकडून त्या पत्राचे छायाचित्र परत आले. तिने ते छापून घेऊन त्यावर लाल पेन्सिलीने आघातचिन्हे घातली होती, प्रश्नाच्या आरंभी सुटलेले उलटे प्रश्नचिन्ह काढले होते, आणि खाली दहांपैकी सात गुण देऊन आंब्याचे एक चित्र काढले होते.

शनिवारी आजोबा मोबाइल पुढे करून माझ्या टेबलाशी उभे राहिले. "फादर, चिन्हांचे दोन गुण गेले ते कबूल. पण तिसरा कशाचा कापला, ते जरा बघा." मी चष्मा लावला आणि आम्ही दोघे पहिल्या ओळीपासून वाचू लागलो.